जाळ्यावरील सही

भाद्रपदांत बुधवार पेठेंतील एका जुन्या वाड्याच्या परसांत आम्ही चार-पांच विद्यार्थ्यांसह गेलों असतां, अडुळशाच्या दोन फांद्यांमध्यें ताणलेल्या चक्राकार जाळ्यावर पिंवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा एक अपरिचित कोळी दिसला. "विषारी असेल मेला," असें म्हणून घरच्या आजींनीं केरसुणी उचललीच होती. आम्हीं त्यांजपाशीं घटकाभर अवधि मागून घेतला.

एका मुलानें त्याचे पाय मोजले, ते चारच भरले! वस्तुतः कोळ्यास आठ पाय असतात. परंतु हा प्राणी दोन-दोन पाय जुळवून, डोकें खालीं करून, जाळ्याच्या मध्यभागीं फुलीसारखा बसतो. पायांच्या त्याच रेषेंत जाळ्यावर जाड, शुभ्र, नागमोडी पट्ट्या विणलेल्या होत्या. त्या सहीसारख्या दिसतात, म्हणून इंग्रजींत ह्यास 'सिग्नेचर स्पायडर' म्हणतात. पट्ट्या नेहमीं चारच असतात असें नाहीं. त्यांच्या प्रयोजनाविषयीं शास्त्रज्ञांतहि एकमत नाहीं. कोणी म्हणतात भक्ष्यास भुलविण्यासाठीं, कोणी म्हणतात पांखरांनीं जाळें मोडूं नये म्हणून.

रंगावर आम्हीं फारसा भरंवसा ठेविला नाहीं, कारण तो वयाबरोबर पालटतो. भिंगांतून पाहतां शरीराच्या पुढील भागावर रुपेरी लव व दोन ओळींत आठ बारीक डोळे दिसले. उदर पंचकोनी होतें. चक्राकार जाळें विणणारे दुसरे पुष्कळ कोळी दिवसां पानाआड दडतात. हा भर उन्हांत मध्यावर बसलेला. एवढ्या खुणांवरून प्रजाति 'आर्जिओपी' ठरली. हिचें विष माशा-टोळांपुरतें. मनुष्यास त्यापासून धोका नाहीं. हें ऐकून आजींनीं केरसुणी खालीं ठेविली.

पुढील प्रश्न अधिक कठीण. आपल्याकडे सर्रास आढळणारी जाति 'आर्जिओपी अनासुजा' (नांव वाचून शकुंतलेची सखी अनसूया आठवावी!) स्वीडनचे शास्त्रज्ञ थोरेल यांनीं १८८७ सालीं वर्णिली. परंतु त्यांनींच १८८१ सालीं वर्णिलेली 'पुल्केला' ही जाति बरीचशी तशीच दिसते. अशा जवळच्या जातींतील भेद खात्रीनें ठरवावयाचा, तर मादीच्या उदराखालील एक बारीकशी कठीण तबकडी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावी लागते; बी. के. टिकादर यांच्या भारतीय कोळ्यांवरील १९८२ च्या ग्रंथांत अशाच सूक्ष्म अवयवांचा आधार घेतला आहे. त्यासाठीं कोळी मारून स्पिरिटांत ठेवावा लागतो. मुलांनीं बाटली आणिली होती. ती आम्हीं दप्तरांत परत ठेवावयास सांगितलें, आणि वहींत लिहिलें: "आर्जिओपी, मादी, जाति बहुधा अनासुजा."

मादी हें आकारावरून. चौथ्या दिवशीं जाळ्याच्या कडेला तिच्या निम्म्याहूनहि लहान, फिकट असा दुसरा कोळी येऊन बसला होता, तो नर.