आज्ञावली लिहायला शिकताना

संगणकाला स्वतःची बुद्धी नसते. काय करायचे ते त्याला एकेक पायरीने सांगावे लागते. अशा सूचनांच्या मालिकेला आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात. या पायऱ्यांच्या रीतीला 'अल्गोरिदम' हे नाव आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावावरून ते पडले.

ही विद्या शिकायची कोठे? अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ साली 'डेव्ह बूटकॅम्प' नावाचा वर्ग सुरू झाला. बूटकॅम्प म्हणजे नव्या शिपायांना तयार करणारी छावणी. अशा वर्गांत दहा-बारा आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत आज्ञावल्याच लिहायच्या असतात. नोकरीच्या आशेने अनेकांनी दहा हजार डॉलरांहून अधिक फी भरली. डेव्ह बूटकॅम्प मात्र २०१७ साली बंद झाला.

उलट, फिनलंडचे लायनस टोरवाल्ड्स लहानपणी आजोबांच्या संगणकावर पुस्तिका वाचून स्वतःच शिकू लागले. पुढे विद्यापीठात शिकत असताना, १९९१ साली, त्यांनी लिनक्सचे काम सुरू केले. म्हणजे स्वतः शिकणाऱ्याने वर्गाकडे पाठ फिरवलीच पाहिजे असे नाही.

एक उदाहरण पाहा. पायथन या भाषेत तुम्ही दोन संख्यांची बेरीज करणारी आज्ञावली लिहिली. ५ आणि ७ हे अंक कळफलकावरून दिले. उत्तर आले ५७! संगणक बिघडला का? मुळीच नाही. कळफलकावरून आलेले सारे तो अक्षरे समजतो आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती एकापुढे एक जोडणे. 'ही अक्षरे नव्हेत, संख्या आहेत' असे आधी सांगितले, की उत्तर १२ येते. वर्गात शिक्षक ही चूक मिनिटभरात दाखवतात. घरी कदाचित संध्याकाळ जाईल. पण शोधून सापडलेली चूक सहसा विसरत नाही. मात्र आठवडाभर एकाच जागी अडकलेला मुलगा वैतागून अभ्यासच सोडतो. वर्गाचा खरा उपयोग तेथे आहे.

पायथन विनामूल्य मिळते. मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' हे पाठही विनामूल्य आहेत. त्यांतील काही मराठीतूनही आहेत. दोन-तीन महिने एवढ्यावर काढून पाहावेत, मगच घरच्यांकडे फीचे पैसे मागावेत. वर्ग निवडताना तेथे शिकलेल्या दोघा-तिघांना भेटा. शिक्षक शेजारी बसून चूक पाहत होते, की फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगत होते, एवढे त्यांना जरूर विचारा.