उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण सर्व्हरवरच्या फोल्डरचं काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने उस्मानाबाद शहराच्या 'धाराशिव' या नावाला मंजुरी दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना निघाली. माणसांना दोन्ही नावं कळतात. कॉम्प्युटरसाठी मात्र ती दोन वेगळी नावं आहेत.

समजा, भूममधल्या एका कार्यालयातून रोज रात्री पंचनाम्यांचे फोटो आपोआप सर्व्हरवर जातात. सॉफ्टवेअरमध्ये पत्ता आहे, '/पंचनामे/उस्मानाबाद/भूम'. एके दिवशी सर्व्हरवर मधल्या फोल्डरचं नाव कुणीतरी 'धाराशिव' केलं. मग त्या रात्रीचे फोटो कुठे जातील? सॉफ्टवेअर पत्ता कसा तपासतं, यावर ते ठरेल.

पत्ता तपासतात कसा?

आपल्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे की नाही, ते लगेच दिसतं. दूरच्या सर्व्हरवरचं फक्त सर्व्हरच सांगू शकतो. १९८५ च्या एफटीपी नियमावलीनुसार सॉफ्टवेअर 'या फोल्डरमध्ये जा' असा आदेश देतं. जमलं तर २५० हा क्रमांक येतो, नाहीतर ५५०. गंमत म्हणजे फोल्डर नसेल तरी ५५० आणि परवानगी नसेल तरी ५५०. त्यामुळे क्रमांकासोबतचा मजकूरही वाचावा लागतो.

फोल्डर नसेल तर बनव, ही सोय बरी का?

इथेच खरी गडबड होते. अशी सोय चालू असेल, तर सॉफ्टवेअर 'उस्मानाबाद' नावाचं नवं फोल्डर गुपचूप तयार करेल. एररही येणार नाही. जुने फोटो एकीकडे, नवे दुसरीकडे. 'धाराशिव' उघडून बघणाऱ्याला वाटेल, पंचनामे झालेच नाहीत. भरपाईची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला हे महागात पडू शकतं. त्यापेक्षा काम थांबलेलं आणि एरर आलेली बरी.

सारखी दिसणारी नावंही वेगळी?

हो. लिनक्स सर्व्हरवर इंग्रजी नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सहसा वेगळं धरलं जातं. मराठीत आणखी एक मेख आहे. 'शेतकऱ्यांची यादी' यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून किंवा 'र' आणि खालचा नुक्ता जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण सर्व्हरला फोल्डर सापडत नाही. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही नावं एकाच रूपात आणावी लागतात.

सुरक्षेचा काय संबंध?

पत्त्यातल्या '../' या खुणेचा अर्थ 'एक पायरी मागे जा'. ही खूण वारंवार वापरून कुणी नेमून दिलेल्या फोल्डरबाहेर पोहोचू शकतं. जून २०२४ मध्ये सोलरविंड्सच्या 'सर्व्ह-यू' या फाइल ट्रान्सफर सॉफ्टवेअरमध्ये अशीच त्रुटी उघड झाली. पत्ता तपासल्यानंतर त्यातल्या स्लॅशची दिशा बदलली जात होती. त्यामुळे तपासणी चुकवून सर्व्हरवरच्या इतर फाइल्स वाचता येत होत्या. कंपनीने दुरुस्ती दिली. धडा साधा आहे: आधी पत्ता पूर्ण उलगडायचा, मगच तपासायचा.

मग नाव बदलताना काय करावं?

जुन्या नावाने नव्या फोल्डरकडे नेणारी लिंक काही काळ ठेवावी. 'आपोआप फोल्डर बनव' हा पर्याय बंद करावा. एक चाचणी फाइल पाठवून ती नव्या फोल्डरमध्ये पोहोचली का, ते उघडून बघावं. सगळी कार्यालयं नवा पत्ता वापरू लागली, की मगच जुनी लिंक काढावी.