दोघांना एका छताखाली आणताना

एकमेकांचे तोंडही पाहू नये असे वाटणाऱ्या दोघांना प्रेमात पाडायचे, तर लेखकाला त्यांना पुन्हा पुन्हा समोरासमोर आणावे लागते. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) डार्सी पहिल्याच नृत्यसमारंभात एलिझाबेथला कमी लेखतो आणि ते तिच्या कानावर पडते. खरे तर विषय तिथेच संपायचा.

पण आभाळ भरून आलेले पाहून एलिझाबेथची आई मिसेस बेनेट थोरल्या मुलीला, जेनला, मुद्दाम घोड्यावर बसवून डार्सीच्या मित्राच्या, बिंग्लीच्या घरी धाडतात. पाऊस आला की रात्री मुक्काम ठरलेलाच! जेन भिजते, आजारी पडते. एलिझाबेथ चिखल तुडवत तीन मैल चालत बहिणीजवळ पोचते. डार्सी तिथेच पाहुणा. रोज संध्याकाळी एकाच दिवाणखान्यात बसावे लागते, खटके उडतात आणि तो तिच्याकडे ओढला जातो. मुलीला स्थळ शोधणाऱ्या आईचा हिशेब आणि बहिणीची माया यांतून ही भेट घडते, म्हणून ती ओढूनताणून आणलेली वाटत नाही. वादळात अडकलेले प्रवासी किंवा दोघांत मिळालेली एकच खोली या आजच्या लोकप्रिय युक्त्या नेमक्या इथे लंगड्या पडतात. खोली मिळते, कारण मिळत नाही.

कादंबरीच्या मध्यावर डार्सी मागणी घालतो, ती झिडकारते. आता भेटणार कसे? दुसऱ्या दिवशी तो तिच्या हाती एक लांबलचक पत्र देऊन निघून जातो. तो समोर नसतानाही ती त्याच्याच शब्दांशी झगडत राहते, आणि तिचे मत पालटू लागते ते या काळात.

ऑस्टिनच्याच ‘पर्सुएशन’मधला पेच याहून अवघड आहे. नायिका अ‍ॅनने वेंटवर्थशी करून मोडलेल्या वाङ्‌निश्चयाला आठ वर्षे झाली आहेत. कर्जापायी तिचे वडील वाडा भाड्याने देतात. भाडेकरू अ‍ॅडमिरलची बायको नेमकी वेंटवर्थची बहीण निघते. मग एकाच घोळक्यात वावरणे आले, पण बोलणे जवळपास नाही. एकदा छोटा भाचा अ‍ॅनच्या पाठीवर चढून बसतो, काही केल्या उतरत नाही. वेंटवर्थ मुकाट्याने त्याला उचलून बाजूला करतो. अ‍ॅनला साधे आभारही मानता येत नाहीत. प्रेमकथा लिहू पाहणाऱ्यांनी एवढासा हा प्रसंग मुद्दाम शोधून वाचावा.