वायसरखालचा पिवळा रंग

बाबांची फियाट २०१९ च्या मे महिन्यात रत्नागिरीहून टेम्पोत घालून पुण्याला आणली, तेव्हा तिच्या तळाला नुसतं बोट लावलं तरी गंजाचे पापुद्रे गळत होते. कागदोपत्री ती ‘प्रीमियर पद्मिनी’, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १९८१ सालची. पण आमच्या घरात तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचं आठवत नाही. ती फियाटच. बाबा गेल्यावर बारा पावसाळे ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घराच्या पडवीत उभी होती. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल, दोन्ही तिच्या लोखंडात मुरलं होतं.

बॅटरीच्या पेटीजवळचा एक बोल्ट मेकॅनिकने तेल सोडून, पाना लावून, शेवटी हातोडीने ठोकून काढला. डोकं पूर्ण गंजलेलं, आटे काळे पडलेले. पण त्याचं वायसर वेगळं केलं आणि मी थांबले. वायसरखाली, जिथे अडतीस वर्षांत हवाही पोहोचली नव्हती, तिथे एक गोल कडं शाबूत होतं. रंग पिवळा, आणि उन्हात तिरका धरला की त्यात मोरपिशी-गुलाबी झाक. मेकॅनिक म्हणाला, “टाकून द्या ताई, बाजारात नवे मिळतात.” मी तो बोल्ट रुमालात बांधून घरी आणला. पुढची चार वर्षं मी जो अभ्यास केला, तो त्या कड्यामुळे.

मी धातुशास्त्राची पदवीधर नाही. बँकेत सव्वीस वर्षं नोकरी करून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई आहे. त्यामुळे हा विषय मला जसा उलगडला, त्याच क्रमाने मांडते. सुरुवात स्वयंपाकघरातून.

•

तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आणि न्हाणीघरातली जस्ती बादली, या दोन वस्तू आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या. दोन्ही लोखंडी पत्र्याच्या. डब्यावर कथलाचा थर असतो, बादलीवर जस्ताचा. डब्याला ओरखडा गेला की आठवड्याभरात तिथे तांबडी रेघ उमटते आणि पसरत जाते. बादली मात्र वर्षानुवर्षं विहिरीच्या काठावर आपटते, घासली जाते, आणि ओरखड्यापाशी तिचं लोखंड चटकन गंजत नाही. असं का?

शाळेत आपण धातूंची क्रियाशीलता श्रेणी पाठ केलेली असते. त्या श्रेणीमागे मोजलेले आकडे आहेत. प्रमाण परिस्थितीत जस्ताचा विभव उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४, कथलाचा उणे ०.१४. दोन धातू एकमेकांना चिकटलेले असले आणि त्यांच्यावर ओल असली, की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. त्या बॅटरीत जो धातू जास्त उणे, तो झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. कथील आणि लोखंड यांच्यात लोखंड जास्त उणे, म्हणून डब्याच्या ओरखड्यापाशी लोखंडच खाल्लं जातं. जस्त आणि लोखंड यांच्यात जस्त आधी जातं.

म्हणजे थरांचे दोन प्रकार झाले. एक नुसता आडोसा. अभंग आहे तोवर उत्तम, फुटला की घातक. दुसरा स्वतः झिजून खालच्याला राखणारा. आपल्या पितळी पातेल्याची कल्हई प्रामुख्याने पहिल्या कामाची: ताक कळकू नये म्हणून अन्न आणि पितळ यांच्यात धरलेला कथलाचा पडदा.

गाडीवर हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. फियाटचा बंपर चमकतो तो क्रोमियममुळे. पण तो क्रोमियमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो, आणि खरं संरक्षण त्याच्याखालच्या निकेलचं असतं. दोन्ही आडोसेच. एखादं सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की खालचं लोखंड आतून पोखरलं जातं. कोकणातल्या जुन्या गाड्यांच्या बंपरवर देवीच्या व्रणांसारखे ठिपके दिसतात ते याचेच. आणि बॉनेटखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी, नटबोल्ट, क्लिपा, बिजागऱ्या, कार्ब्युरेटरच्या दांड्या यांच्यावर दुसऱ्या प्रकारचा थर असतो. माझं पिवळं कडं त्यातलं होतं.

•

भोसरीतल्या एका छोट्या प्लेटिंगच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले ती सुट्या भागांच्या दोन पिशव्या घेऊन. मालकांनी मला स्टूल दिलं आणि दिवसभर बसू दिलं. विद्युत विलेपनाची कृती मी तिथे पाहिली.

आधी गरम कॉस्टिकमध्ये तेल-वंगण काढतात. मग हायड्रोक्लोरिक आम्लात गंज. प्रत्येक पायरीनंतर स्वच्छ पाणी. मग मुख्य टाकी. भिंतीशी जस्ताच्या जाड पट्ट्या टांगलेल्या, ते धनाग्र. मोठे भाग तांब्याच्या तारेने लटकवतात, छोटे बोल्ट जाळीदार पिंपात घालून ते पिंपच टाकीत फिरवत ठेवतात, ते ऋणाग्र. टाकीत जस्ताचा क्षार आणि नवसागर. होय, कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा तोच नवसागर! तिथे तो पृष्ठभाग स्वच्छ करून कथील चिकटू देतो, इथे प्रवाह सुरळीत वाहू देतो.

पुढचा हिशेब फॅरडेने १८३० च्या दशकातच मांडून ठेवला आहे. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला की १.२२ ग्रॅम जस्त बसतं. दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनावर ते पसरलं तर थर सुमारे १७ मायक्रॉनचा. बोल्टला साधारण आठ मायक्रॉन पुरतात. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून कल्पना यावी. जास्त दिलं तर काय बिघडतं? आटे बिघडतात. आट्याच्या उतारामुळे थराच्या जाडीच्या चौपट फरक त्याच्या मापात पडतो. आठ मायक्रॉनचे बत्तीस होतात, आणि मग नट अर्ध्यावर अडकतो.

टाकीतून निघालेला बोल्ट राखाडी-पांढरा असतो. पिवळा रंग नंतर येतो. सौम्य नायट्रिक आम्लात क्षणभर बुडवून तो क्रोमेटच्या द्रावणात अर्धा मिनिटभर हलवतात, आणि बाहेर काढताना त्यावर ते इंद्रधनुष्य उमटलेलं असतं. हा रंग म्हणजे लेप नव्हे. जस्ताचा वरचा पापुद्राच रासायनिक क्रियेने बदलतो आणि एका मायक्रॉनहून पातळ असं कवच तयार होतं. जस्त लोखंडाला राखतं, हे कवच जस्ताला राखतं. त्यातला थोडा क्रोमियम ओलीत विरघळू शकतो, त्यामुळे बारीक ओरखडा पडला तर तो तिथे जाऊन ओरखडा पुन्हा बुजवतो. माझ्या वायसरखाली अडतीस वर्षं टिकलेलं ते हेच कवच.

पण त्याच्याखाली जस्तच होतं, हे रंगावरून ठरत नाही.

•

१८१७ साली जर्मनीत फ्रीडरिश श्ट्रोमायर यांना जस्ताच्या कार्बोनेटमध्ये मिसळलेला एक नवा धातू सापडला. तो कॅडमियम. जस्ताच्या खनिजात तो बरोबरच येतो. १९२० च्या दशकापासून त्याचं विलेपन सुरू झालं, आणि पुढची काही दशकं ब्रिटिश व अमेरिकी मोटारींच्या नटबोल्टांवर, तसंच विमानांवर, कॅडमियमचं राज्य होतं. कोष्टकात त्याचा विभव उणे ०.४०, म्हणजे लोखंडापेक्षा किंचित कमी उणे. त्या हिशेबाने त्याने लोखंडाला वाचवायला नको. पण खाऱ्या पाण्यात क्रम उलटतो आणि तो लोखंडासाठी झिजतो. कोष्टक प्रयोगशाळेतलं, गाडी मात्र समुद्रकाठची, हा धडा मला इथे मिळाला. समुद्राच्या हवेत तो जस्तापेक्षा जास्त टिकतो, आणि त्याचा पृष्ठभाग निसरडा असल्याने वर्षांनंतरही नट सहज सुटतो. त्याच्यावरही पिवळं क्रोमेट चढवत. म्हणून जुन्या गाड्यांची पुनर्बांधणी करणारे हौशी लोक अजूनही कॅडमियमचा शोध घेतात. मूळ होतं तसंच हवं, हा त्यांचा आग्रह. माझाही तोच होता.

भोसरीत दुसऱ्या खेपेला मी मालकांना म्हटलं, “मला हुबेहूब हाच पिवळा हवाय,” आणि रुमालातला बोल्ट दाखवला. ते म्हणाले, “हा हेक्सातला रंग. ट्रायमध्ये इतका गडद येत नाही.” त्यांच्याकडे दोन्ही टाक्या होत्या. हेक्सा म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, ट्राय म्हणजे त्रिसंयुजी. त्यांनी हेक्साच्या टाकीवरच्या मुलाला हाक मारली. मूळचा लातूरकडचा, विशीतला. त्याने माझा बोल्ट हातात घेतला तेव्हा मला त्याची बोटं दिसली. नखांच्या कडा पिवळ्या आणि कातडीवर गोल, खोल, भरून आलेले व्रण. मी विचारलं, “हातमोजे?” तो हसून म्हणाला, “आहेत की ताई. पण बारीक काम त्यात जमत नाही.”

क्रोमच्या टाक्यांवर काम करणाऱ्यांना असे व्रण होतात, आणि वाफाऱ्यामुळे नाकाच्या मधल्या पडद्याला भोकही पडतं, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. षट्संयुजी क्रोमियम आणि कॅडमियम, दोन्ही माणसात कर्करोग करणारे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्याच गटात नोंदवलेले आहेत. कॅडमियमची गोष्ट तर नदीपर्यंत जाते. जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. तिच्या सांडपाण्यातलं कॅडमियम भातखाचरांत उतरलं आणि तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः बायकांची, हाडं ठिसूळ झाली. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच त्या रोगाचं नाव पडलं. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाने झालेला रोग असल्याचं मान्य केलं. युरोपीय संघाने २००० सालच्या निर्देशाने मोटारींतल्या या पदार्थांवर बंधनं आणली आणि २००७-०८ मध्ये नव्या गाड्यांच्या नटबोल्टांवरचं षट्संयुजी क्रोमेट थांबलं.

हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, टिपणवहीत लिहिलेलंही होतं. तरी मी तो रंग मागायला गेलेच होते. त्या मुलाची बोटं पाहिली नसती तर घेऊनही आले असते. मी मालकांना म्हटलं, “ट्रायमध्येच करा.” रंग फिका आला, लिंबाच्या सालीसारखा. चालेल म्हटलं.

•

एक चूक मात्र सर्वस्वी माझी. पुढच्या सस्पेन्शनचा एक बोल्ट बदलायचा होता. जास्त मजबूत तो जास्त चांगला, अशा समजुतीने मी बाजारातून १२.९ दर्जाचा काळा अ‍ॅलन बोल्ट आणला आणि बाकीच्यांबरोबर प्लेटिंगला दिला. त्या शेडमध्ये कुणाला तो वेगळा आहे हे सांगितलं नाही. बसवला, आवळला. तिसऱ्या रात्री गाडी जागेवर उभी असताना ‘टक्’ असा आवाज झाला. सकाळी बोल्टचं डोकं फरशीवर पडलेलं होतं.

आम्लात आणि टाकीत लोखंडाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो. त्यातला काही आत शिरतो. साध्या पोलादाला त्याचं फारसं काही होत नाही, ८.८ दर्जाचा बोल्ट सहसा निभावतो. पण कठीण पोलाद ताणाखाली असलं की तो हायड्रोजन त्याला काचेसारखं ठिसूळ करतो, आणि बोल्ट तासांनी, कधी दिवसांनी तुटतो. उपाय असा: प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत भट्टीत घालून १९० ते २२० अंशांवर कित्येक तास तापवायचं. तेही क्रोमेटच्या आधी, कारण ते कवच साठ-सत्तर अंशांपलीकडे तडकतं. किंवा अशा बोल्टांना जस्ताच्या चुऱ्याचा, भट्टीत सुकवायचा लेप द्यायचा. त्यात ना आम्ल, ना वीज. किंवा मुळात कारखान्याने दिलेल्याच दर्जाचा बोल्ट वापरायचा. मी शेवटचा मार्ग पत्करला. गाडी चालती असती तर काय झालं असतं, याचा विचार अजूनही रात्री येतो. म्हणून वाचकांपैकी कुणी जुनी गाडी उभी करत असेल, तर एवढं सांगते: ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे बोल्ट डोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय कुठल्याही टाकीत देऊ नका.

•

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी उरली नाही. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी वीस वर्षांपूर्वी ताडदेवला झाली होती आणि टॅक्सीची वयोमर्यादा वीसच वर्षांची. त्याच हिवाळ्यात आमची फियाट पुन्हा चालू झाली. तिच्यातले बोल्ट मूळ रंगाचे नाहीत, हे मी लपवलेलं नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही आहे. कोणता भाग मूळचा, कोणता बदलला, कशावर कोणता थर, किती मायक्रॉन, कोणत्या तारखेला, सगळं त्यात आहे. रुमालातला बोल्टही त्याच्या वायसरसकट तिथेच आहे. खरा रंग ज्याला पाहायचा असेल त्याने तो पाहावा.

यंदा पावसाळ्यानंतर गाडीखाली शिरून पाहिलं. पाच-सहा बोल्टांवर पिठूळ पांढरा थर आला होता. मेकॅनिक हळहळला, “इतका खर्च केला आणि लगेच खराब व्हायला लागलं.” मी त्याला म्हटलं, तो जस्ताचा गंज आहे, लोखंडाचा नाही. ज्यासाठी ते घातलं तेच ते करतंय. मग फडक्याने पुसून, मेणाचा हात फिरवून, वहीत तारीख घातली.