हातचा विसरतो तेव्हा



मागच्या सहामाही परीक्षेनंतर आमच्या शाळेत घडलेली एक गोष्ट आधी सांगतो. सातवीतील एका मुलीला इतिहासात ५८ गुण मिळाले होते. बेरीज करताना हातचा एक मिळवायचा राहिला आणि उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर ४८ लिहिले गेले. घरी तिला बोलणी बसली, संध्याकाळचा खो-खो बंद झाला. आठ दिवसांनी तिच्या आजोबांनी उत्तरपत्रिका सहज चाळली, तेव्हा चूक ध्यानात आली. "तू स्वतः बेरीज करून पाहिली नाहीस का?" असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, "पाहिली होती. पण बाईंची बेरीज कशी चुकेल? मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

गुण दुरुस्त झाले, खो-खोही सुरू झाला. पण तिचे ते उत्तर आम्हा शिक्षकांच्या मनातून जाईना. ज्या बाईंची बेरीज चुकली त्यांना गणित येत नव्हते थोडेच! हात बेरीज करत होता आणि मन स्नेहसंमेलनाच्या तयारीत होते. असे आपणा सर्वांचेच होते. आपले लक्ष उडते, आणि त्याची किंमत पुष्कळदा दुसरेच कोणी मोजते.

'माइंडफुलनेस' हा शब्द अलीकडे सगळीकडे ऐकू येतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या रुग्णांसाठी याचे वर्ग सुरू केले आणि पुढे त्यातून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जगभर पसरला. शब्द इंग्रजी असला तरी त्यामागे पाली भाषेतील 'सति' हा शब्द आहे. सति म्हणजे संस्कृतातील स्मृती. येथे तिचा अर्थ पाठांतराची स्मरणशक्ती असा नाही. आपण आत्ता काय करत आहोत याचे स्मरण, असा आहे. आपल्या मराठीत त्यासाठी फार सुंदर शब्द आहे : भान. 'भानावर ये' असे आई म्हणते तेव्हा ती हेच सांगत असते.

ध्यानधारणा ही निवृत्त माणसांची गोष्ट, असा आपला समज असतो. बेरीज चुकल्यानंतर आम्हाला ज्यांची आठवण झाली ते सयाजी ऊ बा खिन मात्र हिशेबाच्याच खात्यातले होते. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, ते १९१७ साली महालेखापालांच्या कचेरीत कनिष्ठ कारकून म्हणून लागले. १९३७ साली सया थेटजी या शेतकरी गृहस्थाकडून ते विपश्यना शिकले. १९४८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच महालेखापाल झाले. पुढे काही काळ एकाच वेळी तीन-तीन खाती त्यांच्याकडे होती. आपल्या कचेरीतील लोकांना ते कचेरीतच ध्यान शिकवीत. १९५२ साली त्यांनी रंगूनला ध्यानकेंद्र काढले, पण सरकारी नोकरी १९६७ पर्यंत केली. दिवसभर आकडे तपासणारा माणूस मनही तपासत होता, आणि दोन्ही कामे त्याला एकमेकांच्या आड येत नव्हती.

त्यांच्याकडे १९५५ साली मंडालेत जन्मलेले एक तरुण व्यापारी आले. त्यांना अर्धशिशीचा तीव्र त्रास होता. केवळ डोकेदुखी बरी व्हावी म्हणून आलेल्याला शिकवायला ऊ बा खिन प्रथम तयार नव्हते. हे तरुण म्हणजे सत्यनारायण गोएंका. १९६९ साली ते भारतात आले आणि ही पद्धत येथे पुन्हा रुजली. इगतपुरीचे धम्मगिरी सर्वांना ठाऊक आहे. आपल्या हैदराबादलाही नागार्जुनसागर रस्त्यावर 'धम्मखेत्त' हे केंद्र आहे, आणि ते देशातील अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी आहे. दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळावे लागते. शुल्क घेतले जात नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून खर्च चालतो.

या शिक्षणाची पहिली पायरी 'आनापान', म्हणजे येणारा-जाणारा श्वास जाणणे. हा प्राणायाम नव्हे. श्वास लांबवायचा नाही, रोखायचाही नाही. नाकपुड्यांपाशी तो जसा येतो-जातो तसा फक्त पाहायचा. दोन-चार श्वासांतच मन पळते. नवशिक्याला वाटते, आपल्याला जमत नाही. खरे म्हणजे मन पळाल्याचे ध्यानात येणे, आणि न चिडता त्याला परत आणणे, हाच सारा अभ्यास आहे. शंभरदा पळाले तर शंभरदा परत आणावे.

दहा दिवस सर्वांना मिळतातच असे नाही. पण यातले थोडेसे रोजच्या कामात आणता येते. आम्ही काय केले ते सांगतो.

पहिली गोष्ट, काम सुरू करण्यापूर्वी तीन श्वास नुसते जाणायचे. वर्गात शिरताना दाराशी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडताना टेबलाशी.

दुसरी, एका वेळी एकच काम. बुद्धी लागणारी दोन कामे मन एकदम करत नाही, ते एकावरून दुसऱ्यावर उड्या मारते आणि प्रत्येक उडीत काहीतरी सांडते. गुणांची बेरीज करताना आता मोबाईल कपाटात असतो. बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करतो.

तिसरी, रागाची चाहूल श्वासावरून ओळखायची. राग आला की श्वास जोराने चालू लागतो. ते वेळीच कळले तर तोंडातून शब्द निघण्याआधी क्षणभर सवड मिळते. पालकांनी प्रगतिपुस्तक हाती घेताना हे अवश्य करून पाहावे. त्या क्षणभरात 'बोलण्याआधी एकदा नीट पाहू तरी' असे सुचू शकते.

विद्यार्थ्यांनी डब्यातील पहिले तीन घास न बोलता, चव घेत खावेत. वाचताना पान संपले आणि डोक्यात काहीच शिरले नाही असे कळले, तर स्वतःला दोष न देता जिथे मन सुटले तिथपासून पुन्हा वाचावे.

याने सारे पालटले असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्या चाचणीतही आमच्या दोन बेरजा चुकल्या. पण त्या आमच्या आम्हालाच सापडल्या, मुलांच्या घरी गेल्या नाहीत. कामाचा बोजाच फार असेल तर तो तीन श्वासांनी उतरत नाही, तो वाटूनच घ्यावा लागतो. कुणाचे मन फार खचले असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

आणखी एक बदल आम्ही केला आहे. उत्तरपत्रिका दिल्या की पाच मिनिटे वर्गातच मुलांनी आपली बेरीज तपासायची आणि फरक आढळला तर निःसंकोच हात वर करायचा. पहिल्या दिवशी कोणाचाच हात वर झाला नाही. मग बाईंनीच सांगितले, "मागच्या वेळी माझी चुकली होती. आज नीट पाहा." त्या मुलीने मान खाली घालून बेरीज सुरू केली. बोटे मोजत, ओठ हलवत, अगदी सावकाश. तिची बेरीज होईपर्यंत बाई तिच्या बाकापाशी थांबल्या.