चौथ्या सीटचा हिशेब

उपनगरी गाडीच्या दुसऱ्या वर्गातील बाक तिघांसाठी बांधलेला असतो आणि त्यावर चौघे बसतात. त्या चौथ्याला ‘चौथी सीट’ मिळाली असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक त्याला मिळते ती सीट नव्हे, सीटची कडा. एक मांडी बाकावर, दुसरी अधांतरी आणि सारा भार वाटेत उभ्या असलेल्या सहप्रवाशांच्या सौजन्यावर. तरीही सकाळी कोपरच्या फलाटावर उभ्या असलेल्या कारकुनाला वा शिक्षकाला ही कडा लाभली, तर तो दिवस सत्कारणी लागला असे मानतो. कोपर हे डोंबिवली आणि दिवा यांच्यामधले स्थानक. खालून मुख्य मार्ग जातो, वरून दिवा-वसई मार्ग. पण जलद गाड्या येथे थांबत नाहीत. डोंबिवलीहूनच सुटणारी धिमी गाडीदेखील या एका स्थानकाच्या अंतरात भरून आलेली असते. म्हणून कित्येक जण आधी उलट दिशेची गाडी पकडून डोंबिवलीला वा कल्याणला जातात आणि तेथे बसून पुन्हा कोपरवरून मुंबईकडे निघतात. जागेसाठी पैसा मोजायचा नसेल, तर असा वेळ मोजावा लागतो.

या माणसापुढे महिन्याच्या अखेरीस एक प्रश्न उभा राहतो आणि बहुधा अनुत्तरितच राहतो. पहिल्या वर्गाचा पास काढावा काय? गाडी तीच, रूळ तेच, पोहोचण्याची वेळही तीच. मग त्याच प्रवासाला कित्येक पट पैसे कशासाठी? अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ज्याला लहानपणापासून शिकविले गेले, त्याला हा प्रश्न पडावा यात नवल नाही. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. हाच गृहस्थ इतर बाबतींत चैनीला सर्वस्वी पारखा नसतो. दिवाळीच्या पहाटे त्याच्या घरी मोती साबणाची वडी निघते, आणि ती नेहमीच्या साबणाहून महाग आहे याची तक्रार कोणी करीत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सणासाठी छापील मजकूर विकत घेण्याची एक आगळी चैन मराठी माणसाने अंगीकारली आहे. उन्हाळ्यात हापूसची निदान एक पेटी घरात यावी यासाठी पदरमोड केली जाते. या साऱ्या खरेद्यांना आपल्या मध्यमवर्गीय संस्कारांची मान्यता आहे, कारण त्यांना पंचांगाचा आधार आहे आणि त्या घरातल्या सर्वांच्या वाट्याला येतात.

पहिल्या वर्गाच्या पासाला असा कोणताच आधार नाही. तो रोजचा आहे, आणि एकट्याच्या देहासाठी आहे. मनाला टोचते ते हेच. मुलाच्या शिकवणीचे पैसे देताना जो हात आखडत नाही, तो स्वतःच्या पाठीसाठी, गुडघ्यांसाठी खिशात जाताना अडखळतो. आपल्या शरीराला आराम देणे हा खर्च नसून अपराध आहे, अशी काहीशी समजूत कोठेतरी खोल रुजलेली असते. तिला काटकसर हे भारदस्त नाव देण्यात येते इतकेच.

काटकसरीची मोजणीच करायची, तर ती पुरी करावी. धिम्या गाडीने कोपरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचण्यास सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. महिन्याचे पंचवीस दिवस आणि दोन वेळा, म्हणजे पन्नास प्रवास. दोन्ही पासांमधील फरक या पन्नासांनी भागला, तर एका वेळचा ज्यादा खर्च वडा-पाव आणि चहा यांच्या पलीकडे जात नाही. त्रैमासिक पास मासिकाच्या तिप्पट नव्हे, तर 2.7 पट दराने मिळतो. अर्थात एवढी रक्कम एकदम काढणे ज्याला परवडते त्यालाच ही सवलत लाभते. स्वस्ताईलाही भांडवल लागते, हा जुनाच अनुभव. या पैशांत मिळते काय? गर्दीच्या वेळी पहिल्या वर्गातही उभेच राहावे लागते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु दाटीदाटीतही प्रतीचा फरक असतो. वर्तमानपत्र उघडता येईल एवढी जागा, परतीच्या प्रवासात लाभणारी मऊ बैठक आणि घरी गेल्यावर मुलाच्या प्रश्नाला न खेकसता उत्तर देण्याइतकी उरलेली शक्ती. ही शेवटची वस्तू कोणत्याच दुकानात मिळत नाही. ज्याची शाळा दोन स्थानकांवर आहे त्याला या खटाटोपाची गरज नाही, आणि सवलतीच्या पासावर हिंडणाऱ्या तरुण विद्यार्थ्यालाही बहुधा नाही. पण पन्नाशीला टेकलेल्या कारकुनाने हा खर्च चैनीच्या रकान्यात का मांडावा?

येथे एक जुना दाखला आठवतो. गांधीजींनी 25 सप्टेंबर 1917 रोजी रांचीहून वृत्तपत्रांना लिहिलेल्या पत्रात तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाची कैफियत मांडली होती. मुंबई-मद्रास प्रवासात पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून अधिक होते, आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्याच्या सुखसोयींचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा रोख वरच्या वर्गाच्या सुखावर नव्हता. खालच्या वर्गाला त्याच्या पैशांचेही मोल मिळत नाही यावर होता. ज्यादा पैसे देऊन कोणी गादीवर बसला तर ती त्याची हौस. पण ज्यादा पैसे दिल्यावाचून सुरक्षितपणे उभेही राहता येत नसेल, तर त्या पैशाला चैन म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय.

9 जून 2025 रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यानच्या वळणावर, परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकणारे प्रवासी खाली पडले. त्यांपैकी चौघे त्याच दिवशी दगावले. कोपरहून मुंबईकडे जाणारा प्रत्येक जण दिव्यानंतर त्याच वळणावरून जातो. त्या लोकांना चौथी सीट नव्हे, दाराच्या आत पाऊल ठेवण्याइतकी जागा हवी होती. बंद दाराची गाडी या मार्गावर होती, नाही असे नाही. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर वातानुकूलित उपनगरी गाडी डिसेंबर 2020 मध्ये आली. दारे मिटल्यावाचून ती हलत नाही. मे 2022 मध्ये तिचे किमान भाडे 65 रुपयांवरून 30 वर आणण्यात आले, मात्र पासांचे दर तसेच ठेवले गेले. रोजच्या प्रवाशाला लागतो तो पास, हे रेल्वेला ठाऊक नसावे असे मानणे कठीण आहे.

पुढे ऑगस्ट 2022 मध्ये साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी सोडण्यावरून कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी आंदोलने केली, आणि नव्याने सुरू केलेल्या 10 वातानुकूलित फेऱ्या मध्य रेल्वेला मागे घ्याव्या लागल्या. आंदोलकांना गारव्याचा मत्सर होता असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांचे गाऱ्हाणे साधे होते : एकाच्या सुखासाठी वेळापत्रकातली आपली गाडी गेली. साबणाची महाग वडी शेजाऱ्याने घेतली म्हणून आपली वडी कमी होत नाही; रुळावरची जागा मात्र मोजकी असते. मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारे आणि हवा खेळण्याची सोय असलेले डबे देण्याचे रेल्वेने जाहीर केले. ती दारे दुसऱ्या वर्गाच्या पासावर मिळावयाची आहेत, हे या घोषणेचे खरे महत्त्व.

राहता राहिला घरातला प्रश्न. कोपरच्या चाळींतून आणि इमारतींतून सकाळी अनेकदा दोघेही नोकरीला बाहेर पडतात. एकच ज्यादा दराचा पास परवडत असेल, तर तो कोणाचा निघतो? बहुतेक ठिकाणी उत्तर आधीच ठरलेले असते. साहेबांच्या कचेरीत बसावे लागते, थकवा येतो, म्हणून यजमानांचा पास पहिल्या वर्गाचा. आणि बाईंना बायकांच्या डब्यात जागा मिळून जाते, अशी सर्वांनी आपली समजूत घातलेली. त्या डब्यात मांडीवर प्लास्टिकची पिशवी पसरून मेथी निवडणाऱ्या बाईंना संध्याकाळी कोपरला उतरल्यावर जिना चढून घरी जायचे असते आणि तेथे कणीक भिजवायची असते. त्यांच्या पासाची मुदत संपत आली की त्या स्वतःच दुसऱ्या वर्गाच्या पासाचे पैसे मोजून पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळे ठेवतात. यंदा तुझा पहिल्या वर्गाचा काढू या का, असे अजून त्यांना कोणी विचारलेले नसते.