किती मिळेल, त्याआधी किती बुडेल?

आपल्या भंडारा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. आपले पाणी वैनगंगेचे, नाही तर मामा तलावाचे. मग समुद्रात पवनचक्क्या उभारून वीज विकणाऱ्यांची हकीकत धानाच्या बांधीत राबणाऱ्याने का वाचावी? कारण धंदा नवा असला की अडचण सगळीकडे एकच. पैसा आज घालायचा आणि पुढचे काही दिसत नाही.

समुद्रावर वारा जोराचा आणि सलग वाहतो, हा मोठा फायदा. पण चक्कीचा पाया पाण्याखाली घालावा लागतो, वीज केबलने किनाऱ्यावर आणावी लागते, आणि बिघाड झाला तर समुद्र शांत होईपर्यंत दुरुस्ती खोळंबते. म्हणून खर्च जबर.

डेन्मार्क देशात १९९१ साली विंडेबी येथे जगातला असा पहिला प्रकल्प झाला. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात फक्त ११ चक्क्या. त्यांनी पंचवीस वर्षे वीज दिली आणि २०१७ साली त्या काढून घेतल्या. २००० साली कोपनहेगनजवळ २० चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या निम्म्या सहकारी संस्थेच्या, आणि सभासद आठ हजारांवर. वर्षाला १००० युनिट विजेमागे एक भाग, असा हिशेब. त्यामुळे जोखीम हजारो घरांत वाटली गेली.

आता आपल्याकडचे उदाहरण. तुळशीभाई तांती यांचा सुरतेत कापडाचा धंदा होता. वीज महाग आणि बेभरवशाची, म्हणून त्यांनी स्वतःच्या गरजेपुरत्या दोन पवनचक्क्या घेतल्या. त्या अनुभवावर १९९५ साली सुझलॉन कंपनी निघाली. तिचे मुख्य ठाणे पुण्यात. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेलला तिच्या चक्क्या फिरू लागल्या. २००७ साली कंपनीने जर्मनीची आरईपॉवर ताब्यात घेण्याचा सौदा जिंकला. समुद्रातल्या ५ मेगावॉटच्या चक्क्या बनवण्याची विद्या त्या कंपनीकडे होती. पण कर्ज मोठे झाले आणि पुढच्याच वर्षी जगात मंदी आली. २०१२ साली परदेशी रोख्यांचे पैसे मुदतीत देता आले नाहीत. २०१५ साली ती जर्मन कंपनी विकावी लागली. सुझलॉन पुढे सावरली, पण त्याला बरीच वर्षे लागली.

पहिला निर्णय आणि दुसरा निर्णय शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात गरज घरची होती आणि चक्क्या दोनच. फसले असते तरी कापडाचा धंदा उरला असता. दुसऱ्यात विद्या खरी आणि वाराही खरा, पण सारा डाव उसन्या पैशावर होता.

सरकारलाही हे धोके ठाऊक आहेत. म्हणून जून २०२४ मध्ये गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी एकूण ७,४५३ कोटी रुपयांच्या साह्याची योजना केंद्राने मंजूर केली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, उद्या घरचा मुलगा म्हणेल, “बाबा, शेत गहाण टाकू, धानाच्या तुसावर चालणारा कारखाना काढू,” किंवा कोणी सौर विजेचा धंदा सुचवेल. त्याला एकदम नाही म्हणू नका, एकदम हो म्हणू नका. तीन गोष्टी विचारा. या धंद्याची गरज आपल्याला स्वतःला आहे का? दोनचार जणांनी मिळून लहान प्रमाणात करून पाहता येईल का? आणि सगळे बुडाले, तर वर्षाचे धान, बियाण्याचा पैसा आणि लेकरांचे शिक्षण शाबूत राहील का?

हा हिशेब घरच्या बाईला सोबत घेऊन करावा. अडचणीच्या महिन्यात घर कशावर चालते, हे तिला नेमके ठाऊक असते. तिसऱ्या प्रश्नाला ती मनापासून “राहील” म्हणाली, तर खुशाल पाऊल टाका. नाही तर धंदा निम्मा करा, आणि पुन्हा तिला विचारा.